सरांनी निवडलेला हीटर

मुलांनो, तिकडे परदेशात तुमच्या घरासमोर हिवाळ्यात गाडीच्या नाकातून एक काळी वायर लोंबत असते आणि तिचं दुसरं टोक भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेलं असतं. तुम्हाला त्याचं नवल वाटत नाही. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर ऊब द्यायची, हे तुम्ही पाळण्यात असल्यापासून बघत आला आहात. मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा मात्र त्या वायरीकडे बराच वेळ बघत उभी राहिले होते. करकंबला, आपल्या गावी, परतल्यावर ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली. त्या माणसाविषयी तुम्हाला लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवेल.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायची, ते विज्ञान. शाळेत सगळेच पुरुष ‘सर’ आणि आम्ही सगळ्या ‘बाई’. पण गावात नुसतं ‘सर’ म्हटलं की लोक त्यांचंच घर दाखवायचे. आता ते घर बंद आहे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या, आणि मुलीने सरांना माळशिरसला आपल्याकडे नेलं. गावाबाहेरच्या वस्तीवर त्या घराला लागूनच त्यांची द्राक्षबाग होती. तिथे आज दुसऱ्या कुणाचा ऊस उभा आहे. मी त्या रस्त्याने शक्यतो जात नाही.

सरांना निवड करता येत नसे. त्यांच्या मते त्यांच्याइतकी नीट निवड पंचक्रोशीत कुणी करत नव्हतं. “घाई करणारा माणूस दोनदा विकत घेतो, बाई,” असं ते मला स्टाफरूममध्ये ऐकवायचे, आणि स्वतः एकदाही विकत घ्यायचे नाहीत. एक अख्खा पावसाळा ते भिजत शाळेत आले, कारण छत्रीच्या काड्यांचा अभ्यास चालू होता. प्रयोगशाळेसाठी एक चांगलं भिंग घ्यायचं काम हेडमास्तरांनी त्यांच्यावर सोपवलं. तेव्हा सहावीत असलेली मुलं दहावी होऊन गेली, तरी सर भिंगच बघत होते. हेडमास्तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, तुमचं लग्न कसं झालं हो?” सरांनी शांतपणे उत्तर दिलं, “ते वडिलांनी ठरवलं. मी अजून विचार करतोय.”

हे वहिनींना कुणीतरी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “करू द्या की इच्यार. मी काय कुटं पळून चाललीय व्हय?”

शाळेने तडा गेलेला एक फळा काढून टाकला, तो सरांनी वस्तीवर नेला आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर कायम रकाने आखलेले असत. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. फवाऱ्याचं नोझल, कुंपणाची तार, चपला, जे घ्यायचं असेल ते तिथे लिहिलेलं असायचं. तोट्यांचा रकाना नेहमी खाली जमिनीपर्यंत पोचायचा.

आता ट्रॅक्टरविषयी. तो जुना होता, सरांच्या नोकरीइतका. तुम्ही हसाल, कारण आमच्याकडची कडाक्याची थंडी म्हणजे तुमच्याकडचा चांगला दिवस. पण जुन्या डिझेल इंजिनाला तेवढीही पुरते. दिवाळीनंतर पहाटे ते नुसतं कण्हायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं. बरं, बागेला ट्रॅक्टर नेमका पहाटेच लागतो. द्राक्षाच्या घडांवर दव बसलं, धुकं पडलं, की डावणी नावाचा रोग येतो. रोग बसायच्या आत औषध फवारावं लागतं, आणि फवाऱ्याचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं असतं. ऊन चढेपर्यंत थांबलात तर कधीकधी बाग हातची जाते.

गावात ज्यांचे ट्रॅक्टर जुने होते त्यांनी यावर सोपा उपाय काढला होता. संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावायचा, चाकाखाली दगड द्यायचा. पहाटे दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळू द्यायचा, गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन धडधडून उठतं. सरांच्या बागेला लागूनच कालव्याचा भराव होता. त्याच्यासारखा उतार दुसऱ्या कुणाच्या नशिबात नव्हता. पण सर तिथे ट्रॅक्टर लावायचे नाहीत.

“उतार म्हणजे लाच,” ते म्हणायचे. “लाच देऊन उठलं तर ते इंजिन उठलं असं म्हणता येत नाही.”

गावातले मिस्त्री म्हणजे ट्रॅक्टरचे वैद्य. ते मुसलमान होते, घरात उर्दू बोलायचे आणि सरांशी मराठीत भांडायचे. “सर, अल्लाची लाच समजा की! त्यानं उतार दिलाय फुकट. न्हायतर इंजिन खोलू या, सिलिंडरच्या बोअरचं काम करू या, नव्यासारखं होईल.”

“एकदा उघडलेलं इंजिन आणि एकदा उघडलेलं भांडण पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही,” सर म्हणाले.

“मग तुमी बसा,” म्हणून मिस्त्री मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

उतार नको, दुरुस्ती नको. मग ट्रॅक्टर चालू कसा व्हायचा? ते काम वहिनी करायच्या. त्या सगळ्यांच्या आधी उठायच्या, चुलीवर हंडाभर पाणी उकळायच्या आणि ते रेडिएटरमध्ये ओतायच्या. मग लोखंडी घमेल्यात शेण्यांचा विस्तव करून तो ट्रॅक्टरच्या पोटाखाली, तेलाच्या पेटीखाली सरकवायच्या आणि पदराने वारा घालत उकिडव्या बसायच्या. शेडमध्ये इतका धूर व्हायचा की फळा दिसायचा नाही. तेल पातळ झालं, इंजिनाचं अंग कोमट झालं, की त्या हाक मारायच्या, “या आता. उटलंय तुमचं लेकरू.” सर कानटोपी घालून यायचे आणि चावी फिरवायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही, वहिनींना तर नाहीच.

मी तुमच्या वायरीची गोष्ट सांगितली ती अशा घरात. सरांनी मला तीन वेळा सांगायला लावली. वायर कुठून निघते, आत काय असतं, किती वेळ लावून ठेवतात. दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले तेव्हा फळा पुसलेला होता आणि वर नवीन मथळा होता, ‘इंजिन हीटर’.

तो पहिला हिवाळा आमचा मजेत गेला, हे मी नाकारत नाही. सर फोनवर इंग्रजी माहिती काढून आणायचे आणि मी ती मराठीत सांगायची. हीटरचे तीन प्रकार निघाले. एक इंजिनाच्या अंगात भोक असतं तिथे बसवायचा, एक रेडिएटरच्या रबरी पाइपमध्ये जोडायचा, आणि एक तेलाच्या पेटीला खालून लोहचुंबकाने चिकटवायचा. तुमच्या बाबांनी तिकडून एक पाठवायची तयारी दाखवली. सरांनी बारीक अक्षरातली सूचना माझ्याकडून वाचून घेतली आणि मान हलवली. “तिकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची. त्यांचा हीटर आपल्याकडे लावला की फट्!” हे त्यांचं बरोबर होतं. पण मग इकडे मिळणाऱ्या हीटरांनाही दोष निघू लागले. पाइपमधला घ्यायचा तर चांगला पाइप कापावा लागणार. भोकातला घ्यायचा तर भोकाचं माप नक्की कळेना. चुंबकाचा तेल गरम करेल, पण वरच्या सिलिंडरचं काय? एका दुकानदाराला त्यांनी फोनवर इतके प्रश्न विचारले की त्याने फोन उचलणं बंद केलं.

शिवरात्र आली. आपल्याकडे म्हणतात की त्या दिवशी थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते. सरांनी समाधानाने खडू खाली ठेवला. “आता घाई नाही. पुढच्या थंडीपर्यंत नीट बघू.”

पुढच्या थंडीच्या आधीच वहिनींचा खोकला सुरू झाला. पंढरपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, घरात कोण बिडी ओढतं? कुणीच नाही म्हटल्यावर त्यांनी चुलीविषयी विचारलं. फुप्फुसं धुराने खराब झाली होती. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा, धुराजवळ अजिबात जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा ते फळ्याकडे पाठ करून उभे होते.

त्या दिवसापासून हीटर ही मजेची गोष्ट उरली नाही. तो लवकर यायला हवा होता, नाहीतर वहिनी चुलीपुढे बसणार. इतकं साधं होतं ते. मी त्यांना म्हटलं, “सर, कुठलाही घ्या. उद्या घ्या.”

“आणि तो चालला नाही तर?” ते म्हणाले. “मग ती पुन्हा घमेलं घेईल आणि म्हणेल, बघा, तुमचा हीटर. नंतर दुसऱ्या हीटरवर तिचा विश्वास बसणार नाही. एकदाच आणायचा बाई, पण चुकायला नको.”

मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. आजही कधीकधी वाटतं.

त्यांनी काही केलं नाही असंही नाही. पाणी तापवायला दुसरा गॅस सिलिंडर आणला. वहिनी म्हणाल्या, “ग्यास काय ट्रॅक्टरला हाय व्हय? उद्या पावनं आलं तर चहा कशावर ठिवू?” आणि चूल पेटवली. सर स्वतः चुलीपुढे बसले, तर त्यांनी ओली लाकडं घालून शेजारच्या वस्तीपर्यंत धूर केला, आणि खोकत खोकत वहिनींनीच त्यांना उठवलं. “पुरुषमानसानं जाळ घालायचा आन् म्या आंथरुनात लोळायचं? बघनारं काय म्हंतील?” शेवटी एका संध्याकाळी सरांनी घरातली एकूणएक काडीपेटी खिशात घातली आणि झोपले. पहाटे उठून बघतात तर ट्रॅक्टरखाली विस्तव फुललेला. वहिनी लंगडत शेजारच्या वस्तीवर जाऊन खापरीतून निखारे घेऊन आल्या होत्या.

लंगडत म्हटलं, ते सांगायचं राहिलं. वहिनींच्या डाव्या पायात दोष होता. तो जन्मापासूनचा असेल असं मी धरून चालले होते. त्या हिवाळ्यात एक दिवस आम्ही दोघी उन्हात बसलो होतो. शेडमध्ये सर शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर दोऱ्याने इंजिनाला बांधून तापमान बघत होते.

“बघा,” वहिनी म्हणाल्या, “ट्रॅक्टरला थर्मामीटर लावत्यात. मला ताप आला की म्हंत्यात, हात बघू.”

मी हसले, आणि हसता हसता जे मनात होतं ते बोलून गेले. “वहिनी, एवढा हट्ट कशाला? हीटर मिळेपर्यंत उतारावर लावायला सांगा की. तुमचा धूर तरी वाचेल. कसलं तत्त्व घेऊन बसलेत?”

वहिनींनी पायावरचं लुगडं जरा वर घेतलं. दोन बोटं नव्हती आणि बाकीचा पाय चपटा झालेला होता.

“तत्त्व कसलं बाई! पयल्यांदा पहाटचा उटंना झाला तवा त्यो भरावावरच लावायचो आमी. ह्ये वर बसायचं, आन् चाकाखालचा दगड म्या काडायची. एक दिस दगड निगाला आन् चाक माज्या पायावरनंच गेलं. त्या दिसापास्नं उतार म्हनलं की ह्ये चावीला हात लावत न्हाईत. लोकास्नी सांगत्यात, लाच म्हनून.” त्यांनी लुगडं पुन्हा खाली ओढलं. “मीच म्हनली मग, सपाटीवरच लावा. मी तापवत जाईन.”

शेडमधून सर ओरडले, “बाई, अर्धा अंश वाढला!”

“वाडला व्हय?” वहिनी तिकडे बघून म्हणाल्या. “मग आता पेडं वाटा.”

त्यानंतर मला सरांना घाई करायला सांगण्याचा धीर झाला नाही. ज्याच्या एका चुकीची किंमत दुसऱ्याच्या पायाने मोजली होती, तो माणूस पुन्हा चुकायला भीत होता. आणि तो जितका भीत होता तितका धूर तिच्या छातीत जात होता. हे मला दिसत होतं. वहिनींनाही दिसत असणार. ती शिवरात्रही हीटरावाचून गेली.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला सरांनी निवड केली. मला निरोप आला तेव्हा खरं वाटेना. चुंबकाचा हीटर, तळहाताएवढा. पहाटे वस्तीवर वीज असेलच असं नाही, म्हणून त्याच्यासाठी त्यांनी इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी घेतली होती, तीही हिशेब करकरून. मिस्त्रींनी ट्रॅक्टरखाली झोपून तेलाची पेटी घासून स्वच्छ केली आणि हीटर चिकटवला. बाहेर येऊन त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “सर, तुमी हीटर बघायला लागला तवा मी पोरासाठी पोरगी बघायला लागलो हुतो. आता त्याचं लगीन हाय. या जेवायला.”

दुसऱ्या पहाटे मी मुद्दाम गेले. शेडमध्ये धूर नव्हता. चूल थंड होती. सरांनी चावी फिरवली, आणि ट्रॅक्टर पहिल्या हाकेला उठला, कण्हला नाही की काही नाही. सर माझ्याकडे बघून हसले. मग मागे वळून त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं.

दारात कुणी नव्हतं. वहिनींना उंबऱ्यापर्यंत येणं होत नव्हतं. त्या आत खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, कारण आडवं झालं की दम लागायचा. ट्रॅक्टरचा आवाज त्यांनी तिथूनच ऐकला. मी आत गेले तर म्हणाल्या, “लई ग्वाड उटला न्हाय?”

तो आठवडा संपायच्या आत त्यांना पंढरपूरला न्यावं लागलं. तिथून त्या परत आल्या ते प्राणवायूच्या यंत्रासह. खोलीतल्याच हवेतून प्राणवायू वेगळा काढून ते नळीने नाकात सोडतं. त्याला वीज लागते, सतत. आणि वस्तीवर पहाटे वीज जाते.

इन्व्हर्टर एकच होता. हीटर आणि यंत्र दोन्ही लावली तर उजाडायच्या आत बॅटरी बसायची. मी तिथे होते त्या पहाटे हे घडलं. बाहेर धुकं इतकं दाट होतं की बागेच्या पहिल्या ओळीपलीकडे काही दिसत नव्हतं, म्हणजे फवारणी आजच व्हायला हवी होती. वीज गेली, इन्व्हर्टर टीं टीं करू लागला. सर उठले, शेडमध्ये जाऊन त्यांनी हीटरची पिन ओढून काढली आणि वहिनींच्या खाटेजवळ येऊन बसले. फळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ज्या माणसाला एक छत्री घ्यायला पावसाळा पुरला नाही, त्याला एवढासा वेळ लागला.

“जावा की,” वहिनी नळीआडून म्हणाल्या. “त्येला तापवा. बाग जाईल.”

“जाऊ दे,” सर म्हणाले.

“जाळ करा मग.”

“जाळ नाही करायचा.”

धुकं बरेच दिवस राहिलं. शेजाऱ्याने एकदा आपल्या ट्रॅक्टरने फवारून दिलं, पण त्या दिवसांत सगळ्यांना एकाच पहाटे फवारायचं असतं, आणि त्याचीही बाग होती. घडांवर डावणी उतरली. मणी तपकिरी झाले, सुरकुतले, हात लावला की गळू लागले. मी दोनदा बागेतून चक्कर मारून आले आणि दोन्ही वेळा सर वहिनींच्या खाटेपाशीच बसलेले होते.

शेवटचं बोलणं मला आठवतं ते एका दुपारचं. यंत्र कोपऱ्यात ठक ठक करत होतं. मी सवयीने त्याच्यावरची इंग्रजी अक्षरं वाचायला वाकले. नळी ओढून ओढून फुटली होती आणि नवी आणायची तर कुठली बसेल ते बघायचं होतं. मी विचारलं, “सर, कुठल्या कंपनीचं आहे हे?”

“बघितलं नाही,” ते म्हणाले.

वहिनींनी डोळे उघडले. त्या दिवशी त्या सकाळपासून बोलल्या नव्हत्या. “बाई,” त्या म्हणाल्या, आणि श्वासासाठी थांबल्या. “इचारा ह्यास्नी... किती दुकानं... फिरलं.”

“एकच,” सर म्हणाले. “दारातच ठेवलं होतं. उचललं.”

वहिनींना हसू आलं. पुरेसं हसण्याइतका श्वास त्यांच्याजवळ नव्हता.